अनुभव धागा: पाणी मोजून वापरलेले दिवस

गेल्या गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद होतं. आदल्या रात्री मी पिंप, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवला. सकाळी भांडी घासायला ताई आल्या आणि दीड बादलीत सगळी भांडी लख्ख करून पालथी घातली. तेवढ्याच भांड्यांना मी नळ सोडून पाऊण तास उभी असते. कसं जमलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्याकडं रोजच गुरुवार असतोय."

तेव्हापासून डोक्यातून ते जात नाहीये. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि तरी एकाच शहरात दोन घरांचं पाणी इतकं वेगळं. जगाचं म्हणाल, तर २०२४ साली दर चार माणसांतल्या एकाला घरात, हवं तेव्हा आणि शुद्ध असं पिण्याचं पाणी मिळत नव्हतं.

पाणी मोजायची वेळ तुमच्यावर कधी आली? कशाने मोजलंत? लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

वाघोलीहून

आम्ही टँकरच्या खेपा मोजतो. सोसायटीच्या समितीवर आल्यापासून टँकरची वही माझ्याकडे आहे. मे महिन्यात दिवसाला बारा-तेरा खेपा होतात. वहीवर तारीख, वेळ आणि सही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तेवढंच होतं.

मग आमच्या वॉचमनकाकांनी एक साधी गोष्ट केली. जमिनीखालच्या टाकीत टँकर ओतायच्या आधी एक बांबू बुडवला, ओलं जिथपर्यंत झालं तिथे खडूने खूण केली. टँकर रिकामा झाल्यावर परत बुडवला. आमची टाकी आतून पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आहे. दहा हजार लिटर पाणी आलं तर ते अर्धा मीटर चढायला हवं. चढलं बेचाळीस सेंटीमीटर. म्हणजे एका खेपेत सोळाशे लिटर कमी, आणि पैसे पूर्ण दहा हजारांचे. त्या रात्री मी जुनी वही उघडून बसले आणि मला अक्षरशः रडू आलं, कारण पाणी पुरत नाही म्हणून मी घरोघरी फिरून बायकांना "मशीन रोज लावू नका" सांगत होते. आता वहीत दोन रकाने वाढवलेत, बांबूची खूण आधी आणि नंतर.

पाणी बोअरचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला अकराशे मिलीग्रॅमच्या आसपास. मानक ५०० चं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणून घरोघरी आरओ, आणि आरओ एक ग्लास देताना दोन-तीन ग्लास बाहेर टाकतो. विकतचं पाणी मोरीत जाताना बघवत नाही. आम्ही त्याची नळी ड्रममध्ये सोडलीय, फरशी त्यातूनच पुसतो.

बावधनहून, पण अनुभव केपटाऊनचा

२०१८ साली कामानिमित्त तिथे होतो. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. धरणांचा साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद करायचे आणि माणशी २५ लिटर रांगेत उभं राहून न्यायचं, असं ठरलं होतं. त्या दिवसाला ते 'डे झीरो' म्हणायचे. अंघोळीला मी टबमध्ये बादली ठेवून उभा राहायचो, साबणाचं ते पाणी संडासात. माझे गोरे शेजारी हे पहिल्यांदा शिकत होते. मी आजीकडे शिकलेला होतो. पण ऑफिसात साफसफाई करणाऱ्या बाई वस्तीतल्या सार्वजनिक नळावरून पाणी नेत. त्यांच्या घरी ५० लिटर कधीच येत नव्हतं. लोकांनी वापर खरोखर निम्म्यावर आणला, जूनमध्ये पाऊस झाला आणि तो दिवस टळला. त्या बाईंची रांग मात्र टळली नाही.

लातूरचा, सध्या कर्वेनगरला कॉट बेसिसवर

२०१६. मी सातवीत. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळे ती गाडी बघायला गेले होते, मी घरी घागरींना राखण बसलो होतो. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. इथे रूममेट दाढी करताना नळ चालू ठेवतो तेव्हा मी काही न बोलता जाऊन बंद करतो.

नारायण पेठेतून

माझं वय चौऱ्याहत्तर, नातवाकडून टाइप करून घेतेय. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. पुराचं सगळे सांगतात. त्यानंतर प्यायला पाणी नव्हतं, ते कमी जण सांगतात. घरात कमरेएवढा चिखल आणि नळाला थेंब नाही. आमच्या वाड्याची विहीर गाळाने भरलेली. आई आणि मी पेठेतल्या हौदावरून पाणी आणायचो. आजी त्याला कात्रजचं पाणी म्हणायची. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने शहरात आणलेलं. आई फडकं चौपदरी करून गाळायची, तुरटी फिरवायची, आणि मगच आम्हाला पेला मिळायचा. पुढे ते हौद बुजत गेले, कुठे कचरा पडला. तिथून जाताना मला अजून वाईट वाटतं.

नांदेड सिटीच्या मागच्या बाजूहून, सिंहगड रोड

आम्ही मोजतो ते सिलिंडरचे दिवस. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण निघाले. शेजारच्या मुलाला आधी जुलाब झाले, ते थांबलेही. आठवड्याने त्याला जिना चढवेना, मग हातातला चहाचा कप सुटला. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू दूषित पाण्यातून, कच्च्या चिकनमधून पोटात जातो आणि काही जणांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, हे आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर शिकलो. तो आता चालतो, देवाची कृपा. पण मी अजून रोज वीस लिटर पाणी उकळते. सिलिंडर आठ दिवस आधी संपतो. पाणी दिसायला स्वच्छ, वास नाही. मग चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

निवृत्त आरोग्यसेविका, हडपसर

ताई, डोळ्यांनी ओळखता येत नाही. आम्ही गावोगाव ओटी टेस्ट करायचो, ऑर्थोटोलिडीन नावाच्या द्रावणाने पाण्यातलं क्लोरीन तपासायची. नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर ते पाणी तसंच प्यायचं नाही. लिटरला निदान ०.२ मिलीग्रॅम तरी उरायला हवं. चाचणी थेट नळाच्या पाण्याची करा, मग गच्चीवरच्या टाकीतल्या. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, तिथे रंग शोधू नका. थेंब टाकलेलं पाणी ओतून द्या. उकळत असाल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, पुढचा गॅस वाया. झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका.

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकताना आम्ही घेर आणि पाण्याची खोली मोजून पावडर काढायचो, आणि अर्धा तास कुणाला पोहरा टाकू द्यायचो नाही. बायका कळशा घेऊन उभ्या असायच्या. तो अर्धा तास फार जड जायचा.

जनता वसाहत

आई सांगतेय, मी लिहितेय. आईचं माहेर वेल्ह्याकडं, पानशेतच्या वरच्या अंगाला. एप्रिल लागला की विहीर आटायची, मग झिऱ्यावर जायचं, पहाटे तीनला, कारण उजाडल्यावर नंबर लांब. वाटीनं हंडा भरायचा. आई म्हणते, "वाटी खाली टेकवायची न्हाई. टेकली की गाळ उठतो, मग बसून ऱ्हायचं. वरच्यावर तरंगवायची." एका हंड्याला साठ-पासष्ट वाट्या. ती वाट्या मोजायची म्हणून तिला शाळेत न जाता आकडे येतात. तिथून खाली धरणाचं निळं पाणी दिसायचं. धरण उशाला आणि कोरड घशाला.

इथं नळ पहाटे पाचला येतो, सातला जातो. आम्ही चढावर, त्यामुळं खालच्यांनी मोटर लावली की आमची धार करंगळीएवढी होते. माझी दहावी झाली त्या वर्षी आईनं मला एकदाही पाण्याला उठवलं नाही.

परत सिंहगड रोड

आरोग्यसेविका ताई, ओटीची बाटली आणली. आज सकाळी केली. नळाच्या पाण्याला फिकट पिवळा रंग आला. टाकीतल्या पाण्याला काहीच नाही. रविवारी टाकी धुवायला माणूस सांगितलाय, तोवर उकळतेच.