छेत्रीने इतके क्लब का बदलले?

नववीची_आई

नमस्कार मंडळी. मला फुटबॉलमधलं ऑफसाइड तेवढं कळतं, आणि लेकाच्या मते तेही कळत नाही. तो नववीत आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी सुनील छेत्रीवर लिहितोय. काल त्याने सगळ्या क्लबांची यादी काढली: मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, परत मोहन बागान, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगची ब टीम, चर्चिल ब्रदर्स, बंगळूरु, मुंबई सिटी, परत बंगळूरु. यादी माझ्यापुढे धरून म्हणाला, "आई, हा देशासाठी २००५ पासून खेळत आला, मग क्लबात का टिकत नाही? पैशासाठी पळायचा का?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा म्हणाले, "लिही, चंचल होता." हे काही बरोबर वाटत नाही. कोणी नीट सांगाल का?

गिरणगावकर

ताई, बाबांना म्हणावं थांबा जरा. चंचल कोण होतं ते बघू.

मी लालबागचा. आमच्या चाळीत एक काका मफतलालकडून खेळायचे. गिरणीची टीम, गिरणीचा पगार, आणि मॅच असली की पाळीतून सुट्टी. मुंबईत मफतलाल होती, ऑर्के मिल्स होती. मालकाला हौस आहे तोवर टीम. धंदा बसला किंवा हौस फिटली की जर्सी ट्रंकेत. छेत्रीची यादी मी याच चष्म्यातून वाचतो.

जेसीटी म्हणजे काय, लेकाला विचारा. फगवाड्याची कापड गिरणी! १९९६-९७ मध्ये पहिली नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेली टीम. छेत्री तिथे २००५ ते २००८ असा तीन वर्षं होता, आणि खरा घडला तो तिथेच. कोलकात्यात मोहन बागानकडे तो २००२ मध्ये गेला तेव्हा १७-१८ वर्षांचा पोर. पंजाबात तो स्ट्रायकर झाला. ती जेसीटी २०११ मध्ये बंद पडली. चिराग युनायटेडचं त्याच वर्षी नाव बदलून प्रयाग युनायटेड झालं. डेम्पोने २०१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे नॅशनल लीगच्या जागी आलेल्या लीगमधून, अंग काढून घेतलं. आपल्या मुंबईची महिंद्रा युनायटेड, २००५-०६ ची चॅम्पियन, ती तर २०१० मध्येच गुंडाळली. म्हणजे चाळीच्या भाषेत सांगायचं तर भाडेकरू चंचल नव्हता, बिल्डिंगीच पडत होत्या.

आणि जिथे बिल्डिंग पक्की मिळाली तिथे माणूस बसला की नाही? बंगळूरु एफसी २०१३ मध्ये सुरू झाली. जिंदालांचा पैसा, अ‍ॅशली वेस्टवूड कोच, आणि पहिल्याच हंगामात आय-लीग. तेव्हापासून तो तिथलाच. मधलं मुंबई सिटी दिसतं ते वेगळ्या कारणाने: तेव्हा देशात दोन लीग चालायच्या. वर्षाअखेरीस दोन-अडीच महिने आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, नंतर आय-लीग. बंगळूरु तेव्हा आयएसएलमध्ये नव्हती, म्हणून २०१५ आणि २०१६ मध्ये तो त्या दिवसांत आमच्याकडे. आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्याने २०१५ मध्ये मुंबईच्याच जर्सीत मारली, नॉर्थईस्टविरुद्ध, नेरुळला डी. वाय. पाटीलवर. बंगळूरु २०१७ मध्ये आयएसएलमध्ये आल्यावर ही ये-जा संपली.

ऑफसाइड_ट्रॅप

गिरणगावकर, बिल्डिंगीचं ठीक आहे, पण परदेशाचं काय? कॅन्ससला बेंचवर बसला. लिस्बनच्या स्पोर्टिंगला ब टीममध्येही जागा नाही, सहा-सात महिन्यांत चर्चिलला लोनवर, म्हणजे उसना, परत. आणि गोल म्हणाल तर मालदीव, नेपाळ, पाकिस्तान. जानेवारी २०२४ च्या आशिया कपात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिन्ही हरलो आणि एकही गोल नाही. लोक गोलांवरून मेस्सीशी तुलना करतात, ती बंद करा एवढंच म्हणणं आहे.

गिरणगावकर

तुलना मी केलेलीच नाही, पण बाकीचं अर्धं मान्य. लिस्बन जमलं नाही, सरळ गोष्ट आहे. अमेरिकेतही नाही जमलं.

फक्त एक राहिलं. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबने त्याला तीन वर्षांचा करार दिला होता. तेव्हा तो २५ चा, म्हणजे ऐन भरात. ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नव्हता. आता ही गंमत बघा. देशाची टीम वर काढायची तर पोरांनी बाहेर खेळायला हवं, आणि बाहेर खेळायचं तर देशाची टीम आधी वर हवी. रेशनकार्डासाठी लाइटबिल आणि लाइटबिलासाठी रेशनकार्ड. कॅन्सस आणि लिस्बन त्यानंतरचे. क्यूपीआरला गेला असता तर जमलं असतं का, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि गोल दुबळ्यांवरच म्हणाल तर २०११ च्या आशिया कपात बहरीनवर आणि दक्षिण कोरियावर मारले आहेत. हरलो दोन्ही, पण मारले. २०१९ मध्ये अबुधाबीत थायलंडला ४-१ हरवलं, त्यात दोन त्याचे.

फातोर्डाकार

गोंयचान नमस्कार! डेम्पोचं नाव आलं म्हणून लिहितोय. कोच आर्मांदो कुलासोंच्या हाताखालची ती टीम ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगायचं. छेत्री २००९-१० मध्ये आमच्याकडे होता, त्या हंगामात आय-लीग डेम्पोची. २०१३ मध्ये पोर्तुगालहून परत आला तो चर्चिलला, तेव्हा आय-लीग चर्चिलची. आम्ही म्हणायचो, हा गोव्यात उतरला की कप येतो.

पण ताई, २०१६ मध्ये डेम्पो, साळगांवकर आणि गोव्याचा स्पोर्टिंग क्लब, तिघांनी एकदम आय-लीग सोडली. डेम्पो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परत आली, म्हणून लेकाला "बंद" असं लिहू देऊ नका. पण आमच्या संध्याकाळी तेव्हा गेल्या त्या गेल्याच. ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर सिंगापूरविरुद्ध भारत १-२ हरला. आशिया कपची वाट तिथेच बंद झाली. छेत्रीला मैदानाबाहेर चालत जाताना पाहिलं आणि मी घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, कोण गेलं?

बालेवाडी_बेंच

पुणेकरांना विसरू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये बालेवाडीला व्हिएतनामविरुद्ध ३-१, तिन्ही गोल छेत्रीचे. आम्ही ऑफिसला दांडी मारून गेलो होतो. भारतासाठी त्याच्या चार हॅटट्रिक: २००८ दिल्ली (ताजिकिस्तान, आशियातल्या चॅलेंज कपची फायनल, त्यामुळेच २०११ च्या आशिया कपात जागा मिळाली), २०१० पुणे, २०१८ मुंबई (तैवान), २०२३ बंगळूरु (पाकिस्तान). दोन महाराष्ट्रात! हे हस्तलिखितात ठळक अक्षरात यायला हवं.

गिरणगावकर

मुंबईच्या त्या हॅटट्रिकला मी नव्हतो, आणि हे मला अजून लागतं. १ जून २०१८, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात इंटरकॉन्टिनेंटल कपात तैवानविरुद्ध ५-० जिंकले, आणि बघायला आली अडीच हजारांच्या आसपास माणसं. मी अंधेरीतच कामाला होतो, दहा मिनिटांवर. आळस केला. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. सरळ मोबाइलपुढे उभा राहून म्हणत होता की शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. हात जोडले होते त्याने. कर्णधाराने हात जोडावेत आणि आपण घरी वडापाव खात बघावं, लाजच वाटली.

४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच. आझादनगर मेट्रोला उतरलो तर जिन्यापासून निळे टी-शर्ट. तिकिटं संपलेली, एका मित्राचा मेहुणा आला नाही म्हणून मला मिळालं. आणि पाऊस असा की मैदानात चेंडू मारला की दोन फुटांवर थप्प करून थांबायचा. पहिल्या हाफमध्ये काहीच झालं नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून बसलेले. ६८ व्या मिनिटाला पेनल्टी, छेत्रीचा गोल. तीन मिनिटांत जेजे लालपेखलुआचा. मग अगदी शेवटी, ज्या चिखलात कोणाला साधा पास धड जात नव्हता, तिथे याने पुढे आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून दिला. आजोबा उभे राहिले, पिशवी उडाली, आणि ते मला, अनोळखी माणसाला, "पाहिलंस का रे, पाहिलंस का" असं विचारत राहिले. १० तारखेला त्याच कपची फायनलही बघितली. परत केनिया, २-०, दोन्ही त्याचेच.

६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध ०-० झालं आणि तो निवृत्त झाला, तेव्हा खात्यावर १५१ मॅच आणि ९४ गोल. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं आणि शिलाँगला मालदीववर ९५ वा मारला. (हो ऑफसाइड_ट्रॅप, मालदीव. लिहा आता.) पण चाळिशीच्या माणसाला परत बोलवावं लागतं ही शरम त्याची नाही, मागून कोणी तयार न करणाऱ्यांची आहे. त्याच आयएसएल हंगामात त्याने बंगळूरुसाठी १४ गोल केले होते. तेव्हाच्या तरुण स्ट्रायकरांनी काय केलं ते विचारू नका.

ऑफसाइड_ट्रॅप

लिहिलं. चिखलातला तो गोल मात्र मान्य.

नववीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकाने तीनदा वाचून काढलं. आता यादीपुढे रंग भरलेत: बंद पडलेल्यांना लाल फुली, परत आलेल्या डेम्पोला हिरवी टिंब. "चंचल" खोडलं, बाबा गप्प आहेत. त्याला एकच शंका आहे. इंटरनेटवर कॅन्सस सिटी विझार्ड्स नावाचा क्लब आता कुठेच सापडत नाही. तोही बंद पडला का?

गिरणगावकर

नाही नाही. २०११ पासून स्पोर्टिंग कॅन्सस सिटी असं नाव झालंय, चांगला चालू आहे. फुली खोडायला सांगा.