झाडपाल्याच्या गोळ्यांतून शिसे गेले असेल का? कोणती तपासणी करावी?

निशिगंध: सासूबाई संधिवातासाठी कित्येक महिने ओळखीतून मिळालेल्या गोळ्या घेत आहेत. डबीवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, फक्त 'शुद्ध वनस्पती'. दुखणे झपाट्याने कमी झाले. पण आता पोटात कळा येतात, शौचाला साफ होत नाही, हिमोग्लोबिन घसरलेय आणि लोहाच्या गोळ्यांनीही वाढत नाही. सोनोग्राफी, एंडोस्कोपी नॉर्मल. काय करावे?

रानवाटा: गोळ्या आजच बंद करा, पण फेकू नका, डबीसकट डॉक्टरांकडे न्या. कळा, बद्धकोष्ठ आणि रक्त कमी होणे एकत्र दिसले की शिशाचा विचार करायलाच हवा. गोळ्यांबद्दल आपण सांगितले नाही, तर डॉक्टरांनाही ते सुचत नाही. 'ब्लड लेड लेव्हल' करा, रक्त शिरेतूनच द्या. केसांच्या तपासणीवर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आली, तर शिसे कुठून येतेय ते शोधून थांबवायला हवे.

गवतफूल: भस्म, म्हणजे धातूची औषधी राख, नसेल आणि नुसत्या वनस्पती असतील, तर शिसे कुठून येणार?

रानवाटा: मातीतून, दळताना, भेसळीतून. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली होती. रसौषधींपैकी, म्हणजे मुद्दाम धातू-खनिजे घालून केलेल्या औषधांपैकी, सुमारे ४१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले, पण बाकीच्यांतही १७ टक्क्यांत होतेच. त्यामुळे 'शुद्ध वनस्पती' या शब्दांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

कडुनिंब: 'आजच बंद करा' हे मला धोक्याचे वाटते. सांधेदुखी झपाट्याने कमी करणाऱ्या अशा गोळ्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडते. महिनोन्‌महिने घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडले तर रक्तदाब कोसळू शकतो. आजच फिजिशियनला दाखवा, ही शंका स्पष्ट सांगा आणि गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली थांबवा.

रानवाटा: बरोबर आहे, हे आधी यायला हवे होते. निशिगंध, कडुनिंब सांगतात तसेच करा.

निशिगंध: आज संध्याकाळचीच वेळ घेतली. शिसे निघालेच तर ते बाहेर काढायचे औषध असते ना?

कडुनिंब: असते, त्याला किलेशन म्हणतात. पण ते सरसकट देत नाहीत. पातळी आणि लक्षणे पाहून डॉक्टर ठरवतात. ऑनलाइन मिळणारी 'डिटॉक्स' पावडर मुळीच देऊ नका. शिसे हाडांत साठते आणि तिथून हळूहळू परत रक्तात येते, म्हणून एकदा पातळी उतरली तरी पुढे पुन्हा तपासावी लागेल. आणि त्याच गोळ्या घरात आणखी कोणी घेत असेल, विशेषतः गरोदर बाई किंवा मूल, तर त्यांचेही रक्त याच खेपेला तपासून घ्या.