लँडस्केपचं एम.आर्क. करू नकोस, असं मी भाचीला सांगितलं

मुरूम

भाची बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाली, "मामा, लँडस्केपमध्ये एम.आर्क. करायचं म्हणतेय." म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा आणि बागा आखण्याचा पदव्युत्तर अभ्यास. मी "अजिबात करू नकोस" म्हणून मोकळा झालो आणि तेव्हापासून बहीण माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणून इथे मांडतो, बघू तुम्ही काय म्हणताय.

पुण्यात चौदा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतोय. लँडस्केपची खरी गोष्ट सांगतो. बिल्डरकडे इमारत उभी राहते, पैसे संपत आलेले असतात, सॅम्पल फ्लॅट उघडायला महिना उरलेला असतो. तेव्हा त्याला हिरवळ आठवते. उरुळी कांचनचा नर्सरीवाला येतो, "झाडं माझ्याकडून घ्या, ड्रॉइंग फुकट" म्हणतो. मोठी झाडं हवी असतील तर आंध्रातल्या कडियमहून ट्रक मागवतो. पाच अधिक दोन वर्षं शिकलेल्या माणसाने या 'फुकट'शी कशी स्पर्धा करायची?

दुसरं म्हणजे कायदा. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ चं कलम ३७ काढून बघा. नोंदणी नसताना 'आर्किटेक्ट' लावता येत नाही, पण 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि जहाजं आखणारे 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना त्यातून चक्क सूट आहे. म्हणजे उद्या तो नर्सरीवालाही कार्डावर 'लँडस्केप आर्किटेक्ट' छापू शकतो. मग डिग्री कशाला? दोन वर्षं चांगल्या ऑफिसात आणि साइटवर घालव, झाडं ओळखायला शीक, एवढंच माझं म्हणणं.

पाणलोट

मामा, तुमच्या नर्सरीवाल्याने केलेलं काम निस्तरायला मला बोलावतात, त्यावर माझं घर चालतं. तेव्हा त्याचे आभारच.

नावगाव सांगत नाही, पण गेल्या पावसाळ्यातली सोसायटी सांगते. खाली दोन मजली पार्किंग, वर पोडियम (पार्किंगच्या छतावरचं मोकळं अंगण), पोडियमवर लॉन आणि चाफे. दिसायला झकास. तिसऱ्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांवर पांढरे ओघळ यायला लागले. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली येतं, तो गाडीच्या रंगावर बसला की पुसून जात नाही. सेक्रेटरी म्हणाले वॉटरप्रूफिंगवाल्याने फसवलं. एका कोपऱ्यात खणायला लावलं. वर लॉन, खाली दोन-अडीच फूट निव्वळ काळी माती, आणि तिच्याखाली थेट स्लॅब. पाणी वाहून न्यायला मातीखाली घालतात ते ड्रेन सेल नाहीत, माती अडवून पाणी सोडणारं जिओटेक्स्टाइल कापड नाही, स्लॅबला उतार नाही. पाणी जायला होती ती एकुलती एक जाळी, तीही मातीने गच्च. हात घातला तर कोपरापर्यंत गार पाणी लागलं, आणि पाऊस थांबून चार दिवस झाले होते.

भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. तीन फूट भराव म्हणजे चौरस मीटरला दीड टनाच्या वर. हा आकडा स्ट्रक्चरल कन्सल्टंटला स्लॅब ओतायच्या आधी हवा असतो, सॅम्पल फ्लॅट उघडायच्या महिनाभर आधी नव्हे. एम.आर्क.ला आम्ही काय शिकलो? हेच. पाणी कुठून येतं, कुठे जातं, माती किती धरते, मुळं कुठवर जातात. झाडांची यादी त्यानंतर येते.

आत्याबाई

माझ्याही मुलीचं हेच चाललंय, म्हणून विचारते. या विषयाला मराठीत काय म्हणतात? नातेवाइकांना सांगायची पंचाईत होते. "माळीकाम शिकतेय का?" असं विचारून झालंय.

मुरूम

आत्याबाई, भूदृश्य वास्तुकला. मोठ्याने म्हणून बघा, बिल्डर पळून जाईल.

पाणलोटताई, पोडियमचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण हे शिकायला डिग्रीच लागते का? जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा पार्क आहे, सुमारे ७० हेक्टर. २००६ साली काम सुरू झालं तेव्हा सगळ्या खडकावर वेडी बाभूळ माजलेली. ते काम उभं केलं प्रदीप क्रिशन यांनी. मूळचे सिनेमावाले, झाडं स्वतःच्या हौसेने शिकले. बाभळीची मुळं खडकातून काढायला त्यांनी तिथले खांडवालिया, म्हणजे पिढीजात दगडफोडे, घेतले. हातोडीच्या आवाजावरून खडक कुठे फुटेल ते ओळखणारी माणसं. देशातल्या उत्तम कामांपैकी एक, आणि त्यात एम.आर्क. कुठे आहे?

पाणलोट

त्यांनी झाडांमागे जेवढी वर्षं घातली ती मोजा, मग दोन वर्षं फार वाटणार नाहीत. शिवाय तिथे किल्ल्याचा ट्रस्ट पाठीशी होता आणि घाई नव्हती. तुमच्या भाचीच्या पहिल्या क्लायंटला मार्चमध्ये पझेशन द्यायचं असेल.

उलट उदाहरण देते. धारावीला लागून, मिठीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर, खाली मुंबईचा कचरा, १९९४ साली लोकांसाठी उघडलं. कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभं करायचं तर नुसतं झाडांचं प्रेम पुरत नाही.

बागेतला_सरकारी

एका महापालिकेच्या उद्यान विभागात आहे, कुठल्या ते विचारू नका. दोघांनीही नोकरीचा विषय सोडलाय. आमच्याकडे उद्यान निरीक्षकाच्या जाहिरातीत बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या मागतात. एम.आर्क. लँडस्केपवाली मुलगी आली तर तिचा अर्ज छाननीतच बाद. तीच मुलगी सल्लागाराच्या ऑफिसातून आमच्याच बागेचं ड्रॉइंग घेऊन येते, ते तपासायला मी बसतो, आणि मला कंटूर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा, वाचता येत नाहीत. खोटं कशाला बोलू? साहेबांना वाटतं बाग म्हणजे कारंजं आणि सेल्फी पॉइंट. पदं निघाली तर या मुलांचं भलं होईल, नाहीतर खाजगी ऑफिसं आहेतच.

मुरूम

हेच तर म्हणतोय! सरकार पद देत नाही, बिल्डर फी देत नाही.

पाणलोट

बिल्डर पूर्वी देत नव्हता, आता त्याला द्यावी लागते. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यात पावसाचं पाणी, झाडं, मोकळी जागा सगळं कागदावर दाखवावं लागतं. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. वृक्ष प्राधिकरणाचे कागद वेगळेच. हे कागद नर्सरीवाला करत नाही. सुरुवातीचा पगार इमारतवाल्या आर्किटेक्टएवढाच असतो, हे मात्र खरं. पहिली तीन-चार वर्षं मीही भावाच्या फ्लॅटवर काढली.

सातासमुद्रापार

अमेरिकेतून लिहितेय. इथे चित्र वेगळं आहे. लँडस्केप आर्किटेक्टला राज्याचं लायसन्स लागतं, त्यासाठी एलएआरई ही परीक्षा, त्याशिवाय ते बिरुद नावापुढे लावता येत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये हा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आला, त्यामुळे शिकून झाल्यावर १२ महिन्यांच्या कामाच्या परवान्याला आणखी २४ जोडून मिळू शकतात. आपल्याकडची मुलं यासाठीच इकडे बघतात.

पण एक सांगते, रागावू नका. मी इथे ओक आणि मेपल शिकले. मागच्या वर्षी सांगलीला काकांच्या शेतावर गेले तर बांधावरचा करंज ओळखता आला नाही. काकांनी तेव्हा काही म्हटलं नाही, पण जेवताना सगळ्यांना सांगितलं. परत यायचं असेल तर हा विषय शिकवणाऱ्या संस्था, अहमदाबादला सेप्ट, पुण्यात बीएनसीए, दिल्ली-भोपाळला एसपीए, आहेतच की.

आत्याबाई

एसपीएला गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो ना? फेब्रुवारीत परीक्षा, आणि हिचा थीसिसही तेव्हाच. लगेच करावं की दोन वर्षं नोकरी करून, तेवढं कुणीतरी एका वाक्यात सांगा.

पाणलोट

नोकरी करून. इथे मी मामांच्या बाजूने. साइटवर एक पावसाळा काढलेल्या मुलांना वर्गात काय विचारायचं ते कळतं. मी थेट गेले आणि पहिलं सत्र नुसते रंगीत सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाची चित्रं, काढत बसले.

मुरूम

घ्या, बहिणीला हेच स्क्रीनशॉट काढून पाठवतो.

पाणलोट

सगळा धागा पाठवा, अर्धा नको. आणि जुलैत भाचीला घेऊन त्या सोसायटीत या. दुरुस्ती अजून चालू आहे, सगळी माती वर काढून ठेवलीय, स्लॅब उघडा बघायला मिळेल.

मुरूम

येतो. गाडी खाली पार्किंगमध्ये लावली तर चालेल ना?

पाणलोट

रस्त्यावर लावा.