सर्पदंश मार्गदर्शिकेचा एकपानी तक्ता करताना मदत हवी आहे

आरोग्य मंत्रालयाच्या सर्पदंश मार्गदर्शिकेवरून ग्रामीण रुग्णालयासाठी भिंतीवरचा तक्ता करतोय. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कुठल्या शब्दांत लिहावी, तिथेच अडलंय. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, २-३ मिली शिरेतलं रक्त, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही. नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लॅस्टिकची असेल, तर साधं रक्तही गोठत नाही आणि घोणस-फुरशाचं विष समजून प्रतिविष सुरू होतं. मूळ मजकुरात हा इशारा वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो, म्हणून ठळक हवा.

प्रतिविषाचा पहिला डोस १० व्हायल (कुप्या), लहान मुलांनाही तेवढाच (यावर दरवेळी वाद!). रक्त गोठत नसेल तर चाचणी ६ तासांनी पुन्हा.

मण्यारदंशात रक्त गोठतं, पण पापण्या मिटू लागतात. मग चौकटीत आधी पापण्या की नळी? नर्स-डॉक्टरांकडून असा तक्ता तपासून घेतलेल्यांनी क्रम सांगावा.