अनुभव धागा: कादंबरीतला अपंग मित्र, तपशील कुठे फसतो?

पूर्वग्रह आणि अवचित जुळलेली मैत्री, या विषयावरच्या कादंबऱ्यांत भावना भरपूर असतात; घसरतात त्या तपशिलात. रोज अपंगांसोबत काम करणाऱ्यांनी नेमकं लिहा. आपल्या कहाण्या नकोत.

*

मित्र अंध माणसाचं मनगट धरून त्याला रस्ता ओलांडून नेतो, हे पहिलं खोडा. धरतो तो अंध माणूस: डोळसाचा दंड, कोपराच्या जरा वर, आणि अर्धं पाऊल मागून चालतो. कोपर उचललं गेलं की चढ आला हे त्याला कळतं. तरी जिन्यापाशी थांबून 'वर' किंवा 'खाली' एवढं सांगायचं. दार अरुंद असेल तर पुढच्याने हात पाठीमागे न्यायचा, मागचा आपसूक त्याच्या मागे येतो. खांदे दाबून खुर्चीत बसवत नाहीत. हात खुर्चीच्या पाठीला लावून दिला की पुरे.

काठी छातीच्या हाडापर्यंत उंच. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे, कारण पुढचं पाऊल तिथे पडणार असतं. पण काठीला फक्त खालचं कळतं. उभ्या ट्रकचा पाडलेला फाळका तिला सापडत नाही, तो थेट कपाळाला लागतो. (हे एकाही कादंबरीत वाचलेलं नाही!)

*

व्हीलचेअर तीव्र उतारावरून उलटी उतरवतात, धरणारा खालच्या बाजूला. सरळ सोडली तर बसलेला तोंडावर पडेल. पलंगावर जाताना आधी दोन्ही ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर. पात्राच्या मणक्याला इजा असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर अंग उचलून भार हलका करायला हवा. संवेदना नसते, त्यामुळे जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. दोन तास न हलता गप्पा मारणारा नायक म्हणूनच खोटा वाटतो.

*

ओठ वाचून सगळं कळतं, ही शुद्ध थाप. 'पाळ', 'बाळ', 'माळ' ओठांवर एकच. बोलणाऱ्याच्या मागे खिडकी असली की तेवढंही दिसत नाही, आणि ओरडलं की ओठांचा आकारच बिघडतो. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: 'तू राहणं कुठे', सोबत भुवयांची हालचाल.

*

कुष्ठरोगात बोटं 'झडत' नाहीत. मज्जातंतू निकामी होतात, हात बधिर होतो, चटके आणि जखमा कळत नाहीत, मग जंतुसंसर्गाने हाड झिजतं. औषधं ६ किंवा १२ महिने. सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाचा धोका संपतो, वाकडी बोटं मात्र उरतात. लोक घाबरतात ते त्या बोटांना. अशा मित्राला स्टीलच्या पेल्यात उकळता चहा देऊ नका, कानाचा कप द्या. आणि कथेचा काळ तपासा: हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत होतं.