‘स्पर्धा’: मैदानातली आणि बाजारातली

प्रश्न:
युरोपीय संघाच्या न्यायालयाने २१ डिसेंबर २०२३ रोजी फुटबॉलच्या ‘सुपर लीग’वर, म्हणजे मोठ्या युरोपीय क्लबांच्या प्रस्तावित वेगळ्या लीगवर, निकाल दिला. त्यावर मराठीत लिहिते आहे आणि एका वाक्यात अडकले आहे: ‘फिफा आणि युएफाच्या परवानगीविना स्पर्धा भरवता येणार नाही, हा नियम स्पर्धा कायद्याचा भंग करतो.’ (फिफा हा फुटबॉलचा जागतिक महासंघ, युएफा युरोपचा.) दोन्ही ‘स्पर्धा’ वेगळ्या आहेत: पहिली मैदानातली, दुसरी बाजारातली. काय करावं?

उत्तर १:
बाजारातल्या अर्थाला ‘चढाओढ’ हा सुरेख शब्द आहे, पण कायद्याच्या नावात तो शोभणार नाही. आपल्याकडे ‘स्पर्धा आयोग’ रुळलाय, तेव्हा तिथे ‘स्पर्धा’च ठेवा. मैदानातल्या अर्थाला लीग, सामने, शर्यत असं नेमकं नाव द्या.

आणखी एक, ‘न्यायालयाने सुपर लीगला मान्यता दिली’ असं कृपया लिहू नका. पूर्वपरवानगीची अट मुळातच बेकायदा आहे, असंही न्यायालय म्हणालं नाही. परवानगीचे निकष पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित नव्हते, हा आक्षेप होता. ‘परवानगी’, ‘मान्यता’, ‘निकष’ यांची सरमिसळ झाली तर निकालच उलटा होतो.

उत्तर २:
‘शर्यत’ शब्द अरबी ‘शर्त’वरून आला, म्हणजे अट. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात हे दोन्ही अर्थ समोरासमोर आले. मार्क टायटर्ट आणि नील्स केर्स्टहोल्ट हे दोघे डच स्केटर. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाच्या परवानगीविना दुबईतल्या शर्यतीत उतरले असते तर आजन्म बंदीची टांगती तलवार होती. टायटर्ट हा २०१०चा ऑलिंपिक विजेता! खेळाडूची कारकीर्द असते किती वर्षांची? शर्यती भरवून पैसा कमावणाऱ्यानेच दुसऱ्याच्या शर्यतीला नाही म्हणायचं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. युरोपीय आयोगाने २०१७मध्येच ते नियम बेकायदा ठरवले होते.

उत्तर १:
पटलं. तरी महासंघ मोडीत काढावेत असं मी म्हणणार नाही. गुणवत्तेवर वर चढण्याची संधी, उत्तेजकांवरची बंदी, हे कुणीतरी सांभाळायलाच हवं. त्यांच्या नियमांना कायद्याची चाळणी मात्र लागलीच पाहिजे. बेल्जियमचा फुटबॉलपटू बॉसमन याच्या खटल्यातल्या १९९५च्या निकालाआधी करार संपलेला फुटबॉलपटूसुद्धा नव्या क्लबने पैसे मोजल्याशिवाय सहसा सुटत नव्हता.

प्रश्नकर्ती:
वाक्य असं केलं: ‘इतरांना लीग भरवू द्यायची की नाही हे ठरवणारे महासंघ स्वतःही सामने विकतात. म्हणून परवानगीचे निकष त्यांनी आधी जाहीर करावेत आणि सगळ्यांना सारखेच लावावेत, असं स्पर्धा कायदा सांगतो.’ ‘स्पर्धा’ आता एकदाच येते.