विसर्जन मिरवणुकीत खालून फोटो काढले की नुसते पाय आणि पांढरं आकाश येतं, काय चुकतंय?

पिशवीतला_कॅमेरा:
नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकांचे फोटो खालच्या कोनातून काढायचे आहेत. क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा डीएसएलआर आहे, १८-५५ मिमीची, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आणि बाजूला उघडणारी स्क्रीन. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ ४, ऑटो आयएसओवर (म्हणजे लेन्सचं तोंड मी ठरवतो, शटर आणि संवेदनशीलता कॅमेरा) काढलेल्या फोटोंत तीन दोष हमखास दिसतात: पहिल्या रांगेचे पाय भरभरून येतात पण गर्दी गायब, चेहरे काळे आणि आकाश पांढरंफटक, आणि फोकस जाऊन बसतो मागच्या फ्लेक्सवर. १०-१८ची वाइड लेन्स घेतली तर सुटेल का हे?

गुडघाभर_उंची:
लेन्सचे पैसे वाचवा, आधी जागा बदला.

खालच्या कोनातून गर्दी 'किती' आहे ते दिसत नाही, दिसूच शकत नाही. कॅमेरा जमिनीपासून फूटभर असला की पुढचा माणूस त्याच्यामागच्या दहा जणांना झाकतो. त्याच्या डोक्यावरून दिसतं ते फक्त त्याच्याहून उंच असलेलं: ध्वज, वर गेलेली टिपरी (ढोल वाजवायच्या काठ्या), उधळलेला गुलाल, वाड्याच्या गॅलरीतली माणसं. त्यामुळे गर्दीचा आकडा दाखवायचा असेल तर गच्ची गाठा. खाली बसायचं ते पुढच्या चार जणांना मोठं करायला.

आता हिशेब. १८ मिमीला क्रॉप सेन्सरवर आडव्या फोटोत वर-खाली मिळून साधारण ४७ अंश दिसतात. कॅमेरा ३० सेंमी उंचीवर, अगदी सरळ समोर धरलेला आणि वादक २ मीटरवर, तर फोटोची वरची कड १.२ मीटरवर येते. म्हणजे ढोल आला, मुंडकं कापलं गेलं. कॅमेरा १५ अंश वर कलवला की त्याच अंतरावर वरची कड १.९ मीटरवर जाते आणि खाली पावलं जेमतेम बसतात. पण टिपरू डोक्यावर गेलं की पुन्हा कापलं जाणार. त्यासाठी ३ मीटर लागतात; तिथे वरची कड पावणेतीन मीटरच्या आसपास येते.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच, की लक्ष्मी रोडवर तुमच्यापुढे ३ मीटर मोकळे कुठे सापडतात. दोरीबाहेरच्या गर्दीत बसलात तर पहिले ३ मीटर प्रेक्षकांच्या चपलांचेच. मोकळी जागा मिळते ती ध्वजवाल्यांसमोर, कारण ध्वज फिरवायला पथक स्वतःच अंगण राखतं. दुसरी वादकांच्या दोन ओळींमधली गल्ली, पण तिथे पथकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. परवानगी मिरवणुकीत मागू नका, तेव्हा कुणाला ऐकूच येत नाही. मुठा नदीकाठी सराव चालू असतो तेव्हा जाऊन बोला. तिसरी जागा दुकानाच्या पायऱ्या: खालच्या पायरीवर बसून कॅमेरा दोन गुडघ्यांच्या मध्ये. पाठीला दुकानाचं शटर असतं, मागून रेटा येत नाही.

पथक चौकात थांबून वाजवतं, तेव्हा रांगा नीट लागतात. बेलबाग चौक सगळ्यांना माहीत म्हणून तिथे श्वास घ्यायला जागा नसते. पुढे विजय टॉकीजच्या बाजूला सरका.

उणे_एक_स्टॉप:
वरच्या हिशेबाशी सहमत. काळ्या चेहऱ्यांचं आणि फोकसचं मी सांगतो.

वर कलवलेल्या फोटोत अर्धं आकाश असतं. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर ते पाहून प्रकाश कमी करतो आणि चेहरे बुडतात. भाद्रपदातलं ढगाळ आकाश तर दिव्यासारखं पेटलेलं असतं. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीतच राहायचं असेल तर +१ ते +१.३ स्टॉप एक्स्पोजर भरपाई द्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). पण फोटोगणिक आकाश कमी-जास्त होतं आणि भरपाई हुकत राहते, म्हणून मॅन्युअल बरं. मोजमाप वादकाच्या कुर्त्यावरून करू नका. पांढरा कुर्ता मीटरला फसवतो, आणि बहुतेक पथकांचे कुर्ते पांढरेच. वादकावर ज्या दिशेने उजेड पडतोय त्याच दिशेला स्वतःचा तळहात धरा, फ्रेम त्याने भरा, मीटर शून्यावर आणा आणि मग शटर तसाच ठेवून आयएसओ पाऊण स्टॉप वाढवा. ढग बदलेपर्यंत हेच आकडे चालतात. फोटो रॉमध्येच (सेन्सरची कच्ची फाइल, जेपेग नव्हे) घ्या.

ढगाळ दिवशी एफ ८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ ८०० इथून सुरुवात करा. गल्ली अरुंद असेल तर आयएसओ १६००. टिपरू हवेत गोठवायचं तर १/१०००. मला विचाराल तर १/४० जास्त बोलकं: चेहरा स्थिर, हाताचा पंखा झालेला. मात्र दहातले आठ फोटो वाया जातील हे धरून चला.

फोकस: ऑटो बंद करा. तुमच्या लेन्सला १८ मिमी, एफ ८ वर फोकस २ मीटरवर लावला की १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. घरून निघतानाच २ मीटर टेपने मोजून फोकस लावा आणि झूमची व फोकसची, दोन्ही कडी कापडी चिकटपट्टीने पक्की करा. एफ ४ला ही सोय नाही. शिवाय जुन्या डीएसएलआरमध्ये स्क्रीनवर बघून काढताना ऑटोफोकस फारच सुस्त असतो, इकडेतिकडे शोधत बसतो आणि फ्लेक्सवरच्या मोठ्या अक्षरांना जाऊन चिकटतो. नेत्याचा वाढदिवस टाचणीसारखा धारदार, ताशावाला धूसर!

फ्लॅशने चेहरे उजळतात हे खरं, पण बहुतेक बॉडींना साध्या फ्लॅशसाठी शटर १/२०० किंवा १/२५०च्या वर नेता येत नाही. तेवढ्यात भागवायचं असेल तर फ्लॅश उणे १.३वर ठेवा, नाहीतर फेटे चकाकतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे आकाश टाळा. दोन हात डावीकडे सरकलात की मागे वाड्याची गॅलरी किंवा झाड येतं.

उन्हाचंही पाहून ठेवा. लक्ष्मी रोडवर मिरवणूक ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे, अलका चौकाकडे जाते. तोंडावर काढायला उभे राहिलात तर सकाळी सूर्य तुमच्यासमोर असतो आणि दुपारनंतर तुमच्या पाठीशी. सकाळी मानाचे गणपती निघतात तेव्हा खालून काढलं तर सरळ लेन्समध्ये ऊन. लेन्स हूड लावाच, आणि सूर्य ध्वजाच्या कापडामागे येण्याची वाट बघा.

पिशवीतला_कॅमेरा:
जागेचा हिशेब आता डोक्यात बसला. दोन शंका. मोबाइलने हे जमतं का? आणि गुलालाचं काय करायचं?

चिकटपट्टी:
मोबाइलने उलट सोपं जातं. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंगं खाली, जमिनीपासून दोन-तीन सेंमीवर. सरळ धरला तर भिंगं वरच्या टोकाला राहतात आणि दहा-बारा सेंमी उंची फुकट जाते. आवाजाच्या बटणाने क्लिक करा, फोटो आपोआप सुलटा होतो. फक्त ०.५चा वाइड दिवसाच वापरा. त्याचा सेन्सर बारीक, संध्याकाळी चिखल होतो. आणि फोनला दोरी लावून ती मनगटात अडकवा, गर्दीत पडलेला फोन वाकून उचलता येत नाही.

गुलालाचं सूत्र एकच, मिरवणुकीत लेन्स बदलायची नाही. १८-५५ झूम करताना पुढे-मागे होते आणि दर वेळी हवा आत ओढते, हवेबरोबर गुलालही. म्हणून वर सांगितलेली चिकटपट्टी दोन कामं करते. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा. लेन्स वर बघत असल्याने गुलाल आणि पावसाचे थेंब थेट काचेवरच पडतात, हा या कोनाचा खास त्रास. कॅमेऱ्याला दुधाच्या जाड पिशवीचं कव्हर करून लेन्सभोवती रबर लावलं तरी पुरे.

पुसताना घाई नको. आधी रबरी ब्लोअर, काच जमिनीकडे धरून. मग मऊ ब्रश. मग कापड. पहिल्याच झटक्याला सुती रुमाल फिरवला तर गुलालातले खडे काचेवर रेघा ओढतात, आणि घामट बोट लागलं की गुलाबी लेप बसतो. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. हे सगळं घरी आल्यावर. तिथे फक्त ब्लोअर. जेजुरीच्या भंडाऱ्यालाही हीच पद्धत, फक्त हळद कापडी पट्ट्यावरून जात नाही, तेव्हा जुना पट्टा लावून जा.

उतारावरचा:
गुडघाभर_उंची यांच्या 'खालून गर्दी दिसूच शकत नाही' याला एक दुरुस्ती. सपाट रस्त्यावर ते खरं, चढावर नाही. समोरचा रस्ता तुमच्यापासून वर चढत जात असेल तर मागची प्रत्येक रांग पुढच्या रांगेहून थोडी उंच येते आणि खालूनही माणसांचे थर लागतात. आषाढी वारीत पुणे ते सासवड टप्प्यावर दिवे घाटात हेच होतं: खालच्या वळणावर बसून वर बघितलं की पताका, तुळशी आणि डोकी पायऱ्यांसारखी दिसतात. तिथे वाइड नकोच. ७० ते २०० मिमी लावा, थर एकमेकांजवळ येतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, एफ ८, १/५००. फक्त घाटात वारकरी पाठमोरे चढतात, तेव्हा चेहऱ्यांची अपेक्षा ठेवू नका.

१०-१८बद्दल: १० मिमीचा उपयोग माणूस हाताच्या अंतरावर असेल तेव्हाच. ३ मीटरवरून काढला तर वादक काडीएवढे होतात, आणि कोपऱ्यात आलेलं डोकं भोपळ्यासारखं ताणतं. माणसं मधल्या दोन तृतीयांशात ठेवायची शिस्त असेल तरच घ्या.

वारीतल्या रिंगणात, म्हणजे वारकऱ्यांच्या गोलात अश्व धावतात तिथे, मात्र खाली बसायचा हट्ट धोक्याचा. अश्व धावण्याच्या वाटेलगत लोळून काढायचा मोह होतो. पुढच्या अश्वावर स्वार असतो, पण मागून येणारा माउलींचा अश्व मोकळा धावतो, त्याला वळवणारं वर कुणी नसतं. बसलेल्या वारकऱ्यांच्या रांगेमागे राहा, स्क्रीन उघडून कॅमेरा त्यांच्या खांद्यांच्या मधून धरा, १/१२५०. दौड संपली की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. त्या क्षणी तुम्ही उभेच असायला हवं.

गुडघाभर_उंची:
दुरुस्ती मान्य. चढाचा मुद्दा निसटला होता.

आता दोन गोष्टी अजून कुणी बोललं नाही म्हणून. पहिली, निम्म्या पथकांत मुली आहेत. पायाशी कॅमेरा ठेवून वर बघणं कुणालाही खटकेल आणि खटकायलाच हवं. मुली वाजवत असतील, फुगडी चालू असेल तर कॅमेरा कमरेच्या उंचीवर, अंतर ३ मीटरच्या पुढे, कल जवळपास शून्य. फेटा, हात आणि टिपरू त्यातही उठून दिसतात. कुणी हरकत घेतली तर तिथल्या तिथे फोटो दाखवा आणि काढून टाका, वाद घालू नका.

दुसरी, मांडी घालून बसू नका. एक गुडघा जमिनीवर, दुसरं पाऊल टेकलेलं, म्हणजे एका झटक्यात उठता येतं. पट्टा गळ्यात नको, कुणाच्या तरी ढोलाच्या दोरीत अडकतो. मनगटाचा पट्टा घ्या. सोबत एक माणूस पाठीशी उभा ठेवा, त्याचं काम फोटो काढणं नाही, तुमच्या खांद्यावर हात ठेवून मागचा रेटा सांगणं. बसायला जागा करून घ्यावी लागतेय एवढी गर्दी असेल तर बसूच नका: मोनोपॉड उलटा धरा, कॅमेरा खालच्या टोकाला, दोन सेकंदांचा टायमर आणि सलग पाच फोटो.

उणे_एक_स्टॉप:
अंधार पडल्यावरचं राहिलं. एलईडीच्या भिंतीसमोर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, १/५० किंवा १/१०० ठेवा, आयएसओ ३२००. गाडीवर लेझर दिसला तर कॅमेरा लगेच खाली. किरण थेट सेन्सरवर पडला तर कायमची रेघ किंवा ठिपका बसू शकतो, आणि वर रोखलेली लेन्स नेमकी त्याच्या वाटेत असते. मोबाइललाही हेच लागू.

चिकटपट्टी:
कान विसरलात सगळे. उभं राहिलं की ढोल कमरेच्या उंचीला असतो. गुडघ्यावर बसलात की ढोलाचं पान (वाजवायची बाजू) बरोबर तुमच्या कानासमोर येतं, ३ मीटरवर, आणि तशी वीस-पंचवीस पानं. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचे. चौकात पोचायच्या आधीच घाला, नंतर गुलालाने माखलेल्या बोटांनी जमत नाही.